सत्काराची शाल नको, सभागृहाचं छत वर घ्या : आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाला खुलं पत्र

अध्यक्ष काका, सेक्रेटरी दादा, खजिनदार आणि मंडळातल्या सगळ्या काका, मामा, आत्या मंडळींना नमस्कार.

हे खरं तर ग्रुपवरच टाकणार होते, पण मागच्या भांडणापासून ग्रुपवर फक्त ॲडमिनच बोलू शकतात, म्हणून असं उघड्यावर लिहितेय. राग मानू नका, आणि मानलात तरी शेवटपर्यंत वाचा कारण मुद्दा फुटाचा आहे. भांडणाची फूट नव्हे, बारा इंचाचा फूट.

देवळामागे आपलं नवीन सभागृह होतंय त्याचा प्लॅन बाबांनी मला पाठवला. ६० बाय ४०, मध्ये खांबांच्या दोन रांगा, एका टोकाला पक्कं स्टेज, दुसऱ्या टोकाला भांड्यांची खोली, आणि वर आरसीसी स्लॅब, जमिनीपासून ११ फुटांवर. जोतं झालंय, सळ्या वर आल्यात, पाऊस लागला म्हणून त्यांना प्लास्टिक गुंडाळून ठेवलंय आणि स्लॅब गणपतीनंतर. म्हणजे अजून वेळ आहे. माझं म्हणणं एवढंच की ११ फुटांवर स्लॅब टाकू नका.

का ते सांगते, पण त्याआधी थोडं बॅनरबद्दल बोलू दे, तीन वर्षं पोटात ठेवलंय.

मी पहिल्यांदा पाठीवर ‘इंडिया’ लिहिलेला ट्रॅकसूट घालून परदेशात खेळून आले तेव्हा तुम्ही मे महिन्यातल्या क्रिकेटच्या फायनलला माझा सत्कार ठेवलात. शाल, नारळ, सन्मानचिन्ह, सगळं रीतसर. मला खरंच बरं वाटलं, आई तर रडलीच. पण माझा खेळ रिदमिक जिम्नॅस्टिक्स आणि बॅनरवर नाव होतं ‘रिदमिक जिम्नॅशियम’ आणि फोटो माझा गळ्यापर्यंतच, कारण मी पाठवलेला फोटो लिओटार्डमधला, म्हणजे खेळताना घालायच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखातला होता आणि तो गावात बरा दिसणार नाही असं कोणाचं तरी म्हणणं पडलं. मग दुसरा मागायचा ना, ट्रॅकसूटमधले शंभर आहेत माझ्याकडे. पण घाई. त्यामुळे वर अध्यक्षांचा कमरेपर्यंतचा फोटो, बाजूला उपाध्यक्ष, आणि खाली कोपऱ्यात माझं नुसतं डोकं, घट्ट अंबाडा घातलेलं. आजी बघून म्हणाली, “काय गो बाय, ह्यो बॅनर सत्काराचा की तेराव्याचा?”

आणि मग माईकवरून फर्माईश, दीपा कर्माकरसारखी एक उडी मारून दाखव. खेळपट्टीवर. साडी नेसून उभी होते मी.

तर आधी ते एकदा स्पष्ट करते. दीपाचं ते आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये ती व्हॉल्टला, म्हणजे पळत येऊन टेबलावरून मारायच्या उडीत, चौथी आली, तिच्यामुळे निदान जिम्नॅस्टिक्स हा शब्द आपल्या घरोघरी पोचला, उपकार आहेत तिचे. आमचं रिदमिक वेगळं. १३ मीटर बाय १३ मीटरचं कार्पेट, सव्वा ते दीड मिनिटांचं म्युझिक, आणि हातात हूप म्हणजे मोठी रिंग, बॉल, क्लब्ज नाहीतर रिबन. क्लब्ज म्हणजे छोट्या मुद्गलासारख्या दोन, बाटल्या नव्हेत, बॉटल डान्स म्हणाला होतात तुमच्यातलेच एक जण. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९८४ पासून आहे, तिथे फक्त मुलीच खेळतात, आणि भारताची एकही मुलगी अजून तिथपर्यंत गेलेली नाही. कॉमनवेल्थला २०१८ मध्ये हैदराबादची मेघना रेड्डी गेली, २०२२ ला जम्मूची बवलीन कौर. २०२६ च्या ग्लासगोत तर आमचा खेळच ठेवलेला नाही, फक्त आर्टिस्टिक आहे. आमच्या खेळात वयाच्या सोळाव्या वर्षी सीनियर होतात आणि बावीस-तेवीसला बहुतेक जणी घरी, त्यामुळे अशी एक स्पर्धा हुकली की कोणाचं तरी अख्खं करिअर तेवढ्यातच निघून जातं. हे कोणाला सांगायला गेलं की म्हणतात पुढच्या वेळी खेळ की. पुढची वेळ नसते ओ.

मी सुरू केलं सातव्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेले होते तेव्हा, ठाण्यात एका हॉलमध्ये शिबिर होतं आणि मामीने मला नुसतं दोन तास घराबाहेर ठेवायला तिथे घातलं. मॅडमनी माझे पाय बघितले, पाठ वाकवून बघितली आणि आईला फोन केला. त्यानंतर बाबा गावी आंब्याची कलमं सांभाळत राहिले आणि आई आणि मी मामाच्या डोंबिवलीच्या खोलीत. पहाटेची ट्रेन, प्रॅक्टिस, शाळा, परत प्रॅक्टिस, अशी चौदा वर्षं. स्ट्रेचिंगला पाय एका खुर्चीवर आणि दुसरा दुसऱ्या खुर्चीवर आणि मधे आपण जमिनीकडे दबत जायचं, त्यात इतिहासाच्या सनावळ्या पाठ केल्यात मी. आई रात्री ट्यूबलाइटखाली बसून लिओटार्डवर एकेक खडा चिमट्याने उचलून गमने चिकटवायची कारण तयार लिओटार्ड परवडत नव्हता, तिच्या बोटांची टोकं अजून खरखरीत आहेत. टो शूज म्हणजे फक्त चवड्यापुरता बूट, टाचेला काही नाही, किंमत पूर्ण बुटाची आणि दोन-तीन महिन्यांत भोक. रिबन आणि स्टिक इटलीची पास्टोरेली नाहीतर जपानची सासाकी, चांगलं इथे बनतच नाही. एका दौऱ्याला निवड झाली आणि मग कळलं की तिकीट आपलं आपण काढायचंय (कोणी कळवलं ते राहू दे), त्या वर्षी बाबांनी कलमं तीन वर्षांच्या कराराने दिली. तुम्ही बाबांना विचारलं होतंत, काय ओ यंदा आंब्याची पेटी नाही पाठवलीत? ती म्हणून नव्हती.

हे रडगाणं नाही. मला हे सगळं परत करायला सांगितलं तर करेन. सांगायचंय ते वेगळंच आहे.

तुम्ही माईकवरून म्हणालात, “आपल्या गावची लेक, आपल्या मातीतला खेळाडू.” काका, मी गावची आहे, पण माझा खेळ गावचा नाही. तो ठाण्यातल्या एका उंच छताच्या हॉलचा आहे. ठाण्याचीच संयुक्ता काळे २०२२ ला पंचकुल्यात खेलो इंडियात एकटी ५ सुवर्णपदकं घेऊन आली. कागदावर ठाणे पण कोकण विभागातच मोडतं, त्यामुळे म्हणायला ती पण कोकणची, पण ठाण्याच्या खाली कशेडी घाट उतरलात की एक तरी जागा दाखवा जिथे हूप वर टाकता येईल.

आता आठवीतली गोष्ट. गणपतीला गावी आले होते, परत गेल्यावर आठवड्याभरात स्टेट, म्हणजे राज्य स्पर्धा होती. मॅडमनी बजावलेलं की एक दिवस पण गॅप नको. पण आपला तो पाऊस, खळ्यात पाय ठेवायची सोय नाही, शेवाळ. घरात तर आमच्या माळा, हात वर केला तरी लागतो. शेवटी गुरव काकांना विचारून देवळाच्या सभामंडपात गेले, दुपारी, देव झोपलेले असताना.

आधी रिबन. ज्युनियरला ५ मीटर असते, सीनियरला ६. सॅटिनची पट्टी ती, सुकी असली की हवेत नुसती तरंगते, पण आपल्याकडच्या दमट हवेत दहा मिनिटांत जड होते आणि स्वतःलाच चिकटते, मनगट कितीही फिरवा, पुढचे गोल बरोबर येतात आणि शेवटचा मीटरभर तुकडा मागे मेलेल्या जनावरासारखा ओढत येतो आणि मग गाठ. खेळताना गाठ पडली की मार्क गेले, आणि सोडवत बसलात की म्युझिक पुढे गेलेलं असतं. आजीने बघितलं आणि रिबन घेऊन गेली, चुलीच्या वर काठीवर वाळत घातली, बाबांच्या लुंगीशेजारी. सुकली मस्त. पण त्याच काठीच्या टोकाला सुकटीची पिशवी होती. स्टेटला माझ्या रिबनला धुराचा आणि सुकटीचा असा काही वास मारत होता की शेजारची पुण्याची मुलगी दोनदा म्हणाली, काहीतरी जळतंय का गं इथे?

ते हसण्यावारी गेलं. खरं नुकसान थ्रोमध्ये झालं. सभामंडपाला डोक्यावर जुन्या काळ्या तुळया आहेत, तुम्हाला माहितीयेत, प्रत्येक शिमग्याला कोणीतरी तिथे आपटतंच. पहिल्याच दिवशी क्लब वर टाकला तो तुळईला लागून थेट घंटेवर. गुरव काका आतून धावत आले, आरतीची वेळ झाली की काय म्हणून. दुसऱ्या दिवशी हूप तुळईवर अडकला, मग काठीने काढला. त्यानंतर मी आपोआप कमी टाकायला लागले. कोणी सांगितलं नाही, मी ठरवलं पण नाही, हातच शहाणा झाला. आठ दिवस मी त्या तुळईच्या खाली खेळले आणि हाताला तुळईची सवय लागली.

स्टेटला हॉल केवढा उंच, वर बघितलं तर दिवे लांब कुठेतरी. म्युझिक सुरू झालं, पहिला मोठा थ्रो, हूप टाकला, खाली वळले, एक रोल झाला, दुसरा अर्धा झाला आणि हूप माझ्या आधी जमिनीवर. कमी गेला होता. तुळईएवढाच. उड्या मारत तो कडेला गेला आणि मी मागे धावले, तीन पावलं. आमच्यात वस्तू पडली आणि जागच्या जागी उचलली तर ०.५०, एक-दोन पावलं चाललात तर ०.७०, तीन किंवा जास्त तर पूर्ण १.०० मार्क जातो. हूपसोबत मी लाईनबाहेर गेले त्याचे आणखी ०.३०. पहिल्या आणि चौथ्या नंबरमध्ये त्या दिवशी याच्यापेक्षा कमी फरक होता आणि मी चौथी होते.

मॅडमनी रात्री व्हिडिओ बघितला आणि एकच विचारलं, तू कुठे प्रॅक्टिस केलीस? मी म्हटलं देवळात. त्या हसल्या नाहीत. पुढच्या वर्षीपासून मी गणपतीला गावी आलेच नाही, सहा वर्षं. तुम्ही म्हणालात मुंबईला राहून पोरगी बदलली, गौरीला पण येत नाही. आजीला पण वाटायचं तसं.

आता हिशोब सांगते, अकरावीच्या फिजिक्सचा आहे, तुमच्यात इंजिनीअर आहेत त्यांनी तपासावा. आमच्या खेळात जो भारी मार्कांचा भाग असतो त्याला रिस्क म्हणतात, वस्तू वर टाकायची, ती हवेत असताना शरीराने निदान दोन पूर्ण फेऱ्या घ्यायच्या आणि मग झेलायची. दोन फेऱ्यांना माझ्यासारखीला दोन सेकंद लागायचे. कुठलीही वस्तू दोन सेकंद हवेत राहायची तर ती हातापासून जवळपास ५ मीटर वर जावी लागते, त्याला गुरुत्वाकर्षण सोडून कोणाची परवानगी चालत नाही. हाताची उंची धरली की झाले २१-२२ फूट. रिस्क राहू दे, नुसता मोठा थ्रो म्हणजे सुद्धा आपल्या उंचीच्या दुपटीच्या वर. मी ५ फूट २ इंच. दुप्पट १० फूट ४ इंच. तुमचा स्लॅब ११, त्याला पंखा लावलात की उरले साडेनऊ. म्हणजे आपल्या गावच्या सभागृहात आठवीतली मुलगी पहिल्याच धड्याला अडकली, आणि वर पंखा फिरत असेल तर हूपचं काय होईल ते वेगळंच.

म्हणून म्हणतेय की स्लॅबऐवजी लोखंडी कैच्या, म्हणजे छताचे त्रिकोणी सांगाडे, आणि वर पत्रे टाका, २२ फूट जमलं तर सोनं, १८ झालं तरी लहान मुलींचं भागतं. मधले खांब काढा. स्टेज पक्कं बांधू नका, लाकडी सुटं करा, नमनाला आणि नाटकाला जोडायचं, एरवी भिंतीला उभं. ४० फुटांची रुंदी ४३ झाली तर १३ मीटरचं कार्पेट बसतं, पण तेवढ्यासाठी जोतं तोडा असं मी म्हणणार नाही, अर्ध्या कार्पेटवर पण शिकवता येतं. उंची नंतर वाढवता येत नाही, बस.

तुमचे प्रश्न मला ऐकू येतायत. पहिला वाऱ्याचा. तो बरोबर आहे, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्रे कागदासारखे उडाले ते सगळ्यांनी बघितलंय आणि आमच्या गोठ्याचा पत्रा पण शेजाऱ्यांच्या पोफळीत सापडला होता. पण तो गोठा होता, खिळ्यांवर ठोकलेला. कैच्या नीट बोल्ट केल्या, भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घेतला तर धरतात, चिपळूणला एमआयडीसीत तेवढ्याच उंचीच्या शेड उभ्या आहेत की इतकी वर्षं. मी इंजिनीअर नाही, तुमच्या इंजिनीअरला विचारा, फक्त ‘आपल्याकडे पत्रा चालत नाही’ एवढ्यावर सोडू नका. मधल्या खांबांचे पाये फुकट जातील हे पण मान्य. तो खर्च गेला. पण स्लॅबचं सिमेंट आणि सळी वाचेल.

दुसरा प्रश्न, एका मुलीसाठी एवढं? माझ्यासाठी तर नाहीच. मी संपले. २१ व्या वर्षी कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, आमच्यात ते पुष्कळ जणींना होतं, लहानपणापासून पाठ मागे वाकवून वाकवून, आणि आता मी शिकवते आणि जजिंग करते, वाकत नाही. हे ज्यांच्यासाठी मागतेय त्या पाच जणी आहेत, तीन आपल्या वाडीतल्या आणि दोन खालच्या, या मे महिन्यात रोज सकाळी आत्याच्या गच्चीवर यायच्या. सगळ्यात छोटी सहा वर्षांची आहे, तिचं नाव लिहीत नाही, तिच्या आईला विचारलं नाही म्हणून. ती पाय डोक्याला लावते आणि विचारते, “ताई, अजून?” असं विचारणारी मुलगी मी ठाण्यात पण दोनच बघितल्यात. जूनमध्ये मी परत गेले, गच्चीवर ताडपत्री पडली, तिचं थांबलं. ऑक्टोबरपर्यंत थांबलेलंच राहणार. आमच्या खेळात सहाव्या-सातव्या वर्षीचे चार महिने म्हणजे काय ते मला कसं सांगायचं कळत नाही.

आणि फक्त याच खेळाला नको, हे पण ऐका. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर असतं. तुमचंच सभागृह, मधले खांब आणि पक्कं स्टेज काढलं की आतमध्ये कबड्डीची मॅट बसते. रत्नागिरी जिल्हा आणि कबड्डी वेगळं सांगायला नको, आणि आपली पोरं पावसाचे चार महिने काय करतात ते पण वेगळं सांगायला नको, एसटी स्टॉपच्या शेडमध्ये मोबाईल. बॅडमिंटनला पण उंची लागते. लग्नं तर होतीलच, उंच छताखाली जेवणावळीचा धूर आणि उकाडा पण कमी, हे आमच्या काकीचं मत, माझं नाही.

‘मार्क मिळतात का’ हा प्रश्न पालकांचा असतो, मंडळाचा नाही, तरी सांगते, मिळतात, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कोकण बोर्ड दरवर्षी दहावीच्या निकालात पहिलं येतं, आपल्याला मार्कांची कधीच टंचाई नव्हती. आपल्या जिल्ह्याच्या मुलींना शालेय स्पर्धेत पुढे कोल्हापूर विभागात खेळायला लागतं, आणि रिदमिकमध्ये तिथे जायला आपल्या तालुक्यातून कोणी नसतंच मुळी.

क्रिकेट बंद करा असं म्हणत नाहीये हं. मागच्या वेळी कोणीतरी तसा अर्थ काढला आणि आमच्या चुलत भावाने माझ्याशी दोन महिने बोलणं सोडलं. फायनल मी पण बघते, यूट्यूब लाईव्हवर.

तर आता काय करायचं. मी गणपतीला येतेय, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, सात वर्षांनी. तुम्ही सगळे येणारच. पहिल्या दिवशी दुपारची आरती झाली की प्रसाद घ्या आणि दहा मिनिटं देवळामागे जोत्यावर या. बाबांना सांगून ठेवलंय, ते तिथे दोन बांबू उभे करून ११ फुटांवर सुतळी बांधणार आहेत. कमरेला पट्टा लावून मला एक थ्रो टाकता येतो, डॉक्टरांना विचारलंय. पाऊस असला तर छत्री आणा. मी हूप टाकते, तो सुतळीच्या किती वर जातो ते तुमच्या इंजिनीअरला मोजू दे, आणि मग तिथेच उभं राहून स्लॅबचं काय ते बोलू.

तुमची,
वरच्या वाडीतली रिबनवाली

ता.क. यंदा पण सत्कार ठेवलाय असं कानावर आलंय. शाली घरी दोन झाल्यात. त्याच पैशात हूप येतात, ज्युनियर साईजचे, लिंक सेक्रेटरी दादांना पाठवलीय.